विश्लेषण : गोचिडीच्या चाव्यापासून जिवाणूपर्यंत... हॉवर्ड रिकेट्स यांनी तापाचे कोडे कसे सोडवले?

पावसाळा सरत आला की विदर्भातील रुग्णालयांतून एका आजाराच्या बातम्या येऊ लागतात. तो आजार म्हणजे स्क्रब टायफस. २०१८ मध्ये नागपूर आणि परिसरात या तापाने अनेकांचे बळी घेतले, तेव्हा कित्येक वाचकांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकले. गोचीड, पिसू, ऊ आणि त्यांच्यासारख्याच बारीक किड्यांमार्फत माणसापर्यंत पोहोचणाऱ्या जिवाणूंच्या अशा आजारांना वैद्यकात 'रिकेट्सियल आजार' म्हणतात. हा शब्द एका माणसाच्या आडनावावरून आला आहे. ते अमेरिकी डॉक्टर हॉवर्ड टेलर रिकेट्स. ज्या प्रकारच्या आजारांचा ते माग काढत होते, त्यांपैकीच एकाने वयाच्या ३९व्या वर्षी त्यांचा जीव घेतला. त्यांच्या हाती आजच्या चाचण्या नव्हत्या, औषधे नव्हती आणि ज्या जिवाणूच्या मागे ते होते तो काचेच्या बशीत वाढतही नव्हता. तरीही हा ताप कोण पसरवते, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवले. ते कसे, हे जाणून घेऊ.

रिकेट्स कोण होते?

हॉवर्ड रिकेट्स यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात फिंडली येथे झाला. घर शेतकऱ्याचे. १८९४ मध्ये त्यांनी नेब्रास्का विद्यापीठाची पदवी घेतली. अमेरिकेत १८९३ मध्ये मोठे आर्थिक संकट आले होते आणि त्याची झळ त्यांच्या कुटुंबालाही बसली. त्यामुळे शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेताना त्यांना कामही करावे लागले. १८९७ मध्ये ते डॉक्टर झाले.

खासगी दवाखाना थाटण्याऐवजी ते विकृतिशास्त्राकडे, म्हणजे आजाराने शरीरात नेमके काय बिघडते याच्या अभ्यासाकडे वळले. सुरुवातीचे त्यांचे काम ब्लास्टोमायकोसिस या बुरशीजन्य आजारावर होते. त्यानंतर ते युरोपात गेले. बर्लिन आणि पॅरिस ही तेव्हा जिवाणूशास्त्राची पंढरी होती. तिथल्या प्रयोगशाळांत अनुभव घेऊन परतल्यावर १९०२ मध्ये ते शिकागो विद्यापीठात रुजू झाले. संसर्ग आणि प्रतिकारशक्ती या विषयावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक १९०६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या वसंतात ते मोंटाना राज्यात पोहोचले आणि त्यांच्या आयुष्याची उरलेली चार वर्षे या प्रश्नाने व्यापून टाकली.

बिटररूटच्या खोऱ्यात काय घडत होते?

मोंटानाच्या पश्चिमेला रॉकी पर्वताच्या कुशीत बिटररूट नदीचे खोरे आहे. बर्फ वितळू लागले की दरवर्षी तिथे एक ताप यायचा. आधी अंगदुखी, प्रचंड डोकेदुखी आणि थंडी भरून ताप. तीन-चार दिवसांनी मनगटांवर आणि घोट्यांवर लालसर पुरळ उठायचे, ते तळहात-तळपायांसह अंगभर पसरायचे आणि पुढे काळपट पडायचे. लोक त्याला 'काळा गोवर' म्हणत. वैद्यकीय नाव 'रॉकी माउंटन स्पॉटेड फीवर', म्हणजे ठिपक्यांचा ताप. या खोऱ्यात आजारी पडलेल्या दहांपैकी सात जणांचा मृत्यू होत असे. शेजारच्या आयडाहो राज्यात मात्र तोच ताप बराच सौम्य होता.

आणखी एक गूढ होते. रुग्ण बहुतेक नदीच्या पश्चिम तीरावरचेच असत. पूर्वेला जवळपास कोणी आजारी पडत नसे. लाकूडतोडे, शेतकरी, गुराखी यांना हा ताप अधिक व्हायचा आणि उन्हाळा सरता सरता तो नाहीसा व्हायचा. डोंगरावरचे बर्फाचे पाणी प्यायल्याने ताप येतो, असा अनेकांचा समज होता.

शिवाय या प्रश्नाला पैशाची बाजूही होती. खोऱ्यात तेव्हा सफरचंदाच्या बागांसाठी जमिनींचे व्यवहार जोरात होते. आपल्या भागातल्या गोचिडीमुळे माणसे मरतात, ही बातमी बाहेर जावी असे जमीन विकणाऱ्यांना वाटणे शक्य नव्हते. म्हणजे कारण शोधणाऱ्याला केवळ शास्त्रज्ञांना पटवून भागणार नव्हते, गावालाही पटवावे लागणार होते.

आधीचा तपास कुठे अडला होता?

रिकेट्स यांच्या आधी १९०२ मध्ये विल्सन आणि चाउनिंग या दोन संशोधकांनी गोचिडीवर बोट ठेवले होते. रुग्णांच्या रक्तात मलेरियाच्या जंतूशी साम्य असलेला एक परजीवी दिसतो, तो खारीसारख्या प्राण्यांत राहतो आणि गोचीड तो माणसात आणते, असे त्यांचे म्हणणे होते. दोनच वर्षांनी सरकारी तज्ज्ञ चार्ल्स स्टाइल्स यांनी तपासणी केली. त्यांना तो परजीवी सापडला नाही. परजीवीच नाही म्हटल्यावर गोचिडीची शक्यताही निकालात निघाली.

ही चूक समजून घेण्यासारखी आहे. जंतू कोणता आणि तो आणतो कोण, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर चुकले म्हणून दुसऱ्याचे उत्तर आपोआप चुकीचे ठरत नाही. रिकेट्स यांनी हे दोन प्रश्न वेगळे केले. जंतू सापडेपर्यंत थांबायचे नाही, आधी वाहक सिद्ध करायचा, हा त्यांचा मार्ग.

योगायोग असा की, याच सुमारास मुंबईतही असाच तपास सुरू होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. उंदरांवरच्या पिसवा हा आजार माणसांपर्यंत नेतात, असे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत केलेल्या प्रयोगांवरून मांडले, पण ते फारसे कोणी मानले नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये, प्लेग आयोगाच्या संशोधकांनी पिंजऱ्यांतले गिनीपिग वेगवेगळ्या उंचीवर टांगून पाहिले. पिसवांची उडी पोहोचेल तिथले प्राणी प्लेगने मेले, उडी पोहोचणार नाही तिथले वाचले. किड्यावर आरोप ठेवणे सोपे असते, तो सिद्ध करण्यासाठी असाच प्रयोग लागतो.

गोचीडच वाहक आहे, हे रिकेट्स यांनी कसे सिद्ध केले?

त्यांनी काम केले ते पायरीपायरीने. मिझूला येथील रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाचे रक्त घेऊन त्यांनी ते गिनीपिगला टोचले. काही दिवसांनी गिनीपिगला ताप आला, अंगाच्या नाजूक भागांवर सूज आली. त्याचे रक्त दुसऱ्याला टोचल्यावर दुसराही आजारी पडला. जंतू डोळ्यांना दिसत नसला, तरी तो आता प्रयोगशाळेत 'जिवंत' ठेवता येत होता. आजार एका प्राण्यातून दुसऱ्यात नेता येतो, हे कळल्यावर पुढचे सगळे प्रयोग शक्य झाले.

मग पाळी आली गोचिडीची. आजारी गिनीपिगच्या कानाजवळ एक मादी गोचीड लावण्यात आली. तिने रक्त ओढल्यावर तिला काढून छोट्या डबीत ठेवले आणि दोन दिवसांनी निरोगी गिनीपिगवर सोडले. तो गिनीपिगही त्याच लक्षणांनी आजारी पडला. १९०६ च्या उन्हाळ्यात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सरकारी आरोग्य सेवेतील वॉल्टर किंग यांनीही त्याच काळात स्वतंत्रपणे असाच प्रयोग यशस्वी केला.

एवढ्याने काम संपले असे म्हणता आले असते. पण प्रयोगशाळेत मुद्दाम बाधित केलेली गोचीड आजार देऊ शकते, याचा अर्थ रानातली गोचीड तो देतेच असा होत नाही. म्हणून रिकेट्स यांनी खोऱ्यातल्या झुडपांवरून आणि जनावरांवरून गोचिडी गोळा करून त्या निरोगी गिनीपिगवर सोडल्या. त्यांतल्या फार थोड्याच बाधित निघाल्या, पण निघाल्या. गोचीड चावलेला प्रत्येक माणूस आजारी का पडत नाही, या गावकऱ्यांच्या रास्त शंकेचे उत्तरही त्यातच होते.

आजार दरवर्षी परत कसा येत होता?

हिवाळ्यात रुग्ण नसत. मग जंतू तेवढे महिने कुठे असायचा? रिकेट्स यांनी बाधित मादी गोचिडीची अंडी उबवू दिली आणि त्यांतून निघालेल्या पिलांची तपासणी केली. काही पिलांमध्ये जन्मापासूनच जंतू होता. म्हणजे मादी तो पुढच्या पिढीला देत होती. गोचिडीच्या आयुष्यातल्या प्रत्येक अवस्थेत, पिलू असताना, अर्धवट वाढलेली असताना आणि पूर्ण वाढल्यावरही, ती आजार पसरवू शकते, हेही त्यांनी दाखवले.

खोऱ्यातल्या जमिनीत बिळे करून राहणाऱ्या खारी आणि तत्सम लहान प्राण्यांना हा संसर्ग होऊ शकतो, हे प्रयोगांत दिसले. पिल्लावस्थेतल्या गोचिडी याच लहान प्राण्यांवर जगतात, तर मोठ्या गोचिडी घोडे, गाई-गुरे आणि माणसांवर चढतात. आता चित्र स्पष्ट झाले. माणूस या साखळीत अपघाताने येतो. तो नसला तरी रानात जंतूचे चालूच राहते. त्यामुळे रुग्णाला वेगळे ठेवून हा आजार थांबणार नव्हता. जनावरांवरच्या गोचिडी कमी करणे, रानात जाताना अंग झाकणे, परतल्यावर अंग तपासणे हेच उपाय उरत होते. सव्वाशे वर्षांनंतरही आरोग्य विभागाच्या सूचनांत हेच असते.

जिवाणू दिसला, तरी नाव का दिले नाही?

जंतू विषाणूइतका सूक्ष्म नाही, हे रिकेट्स यांना गाळणीच्या प्रयोगातून कळले होते. बाधित रक्त जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळले की गाळलेल्या द्रवाने आजार होत नसे. म्हणजे जंतू गाळणीतच अडकत होता. मग तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला हवा.

तो दिसलाही. रुग्ण, माकडे आणि गिनीपिग यांच्या रक्तात, तसेच गोचिडींत आणि त्यांच्या अंड्यांत त्यांना अतिशय लहान, दोन्ही टोकांना गडद रंग घेणारे जिवाणू आढळले. जानेवारी १९०९ मध्ये त्यांनी ही माहिती प्रसिद्ध केली. पण लेखाच्या शीर्षकापासूनच भाषा सावध होती. या जिवाणूचा आजाराशी संबंध दिसतो, इतकेच त्यांनी म्हटले. त्याला नाव दिले नाही.

अडचण अशी होती की एखादा जिवाणू आजाराचे कारण ठरवायचा, तर तो रुग्णातून वेगळा काढून स्वतंत्रपणे वाढवायचा आणि त्यातून पुन्हा आजार करून दाखवायचा, अशी त्या काळची कसोटी होती. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या नावाने ती ओळखली जाते. हा जिवाणू मात्र कोणत्याही पोषक द्रवात वाढतच नव्हता. त्यात निरोगी गोचिडींच्या अंड्यांतही दिसायला सारखे जिवाणू आढळत होते. मग यातला खरा दोषी कोणता? रिकेट्स यांनी या शंका लपवल्या नाहीत. त्या निबंधातच मांडल्या.

तो जिवाणू वाढत का नव्हता, हे नंतर कळले. रिकेट्सिया फक्त जिवंत पेशीच्या आतच वाढतात. माणसाच्या शरीरात ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींत शिरतात. तिथे वाहिन्या गळू लागतात. अंगावरचे पुरळ हे त्याचेच बाहेरून दिसणारे चिन्ह. हीच गळती मेंदू, फुप्फुसे, मूत्रपिंड यांत सुरू झाली की रुग्ण दगावतो.

मग ते मेक्सिकोला का गेले?

बिटररूटचे काम अर्धवट होते. रिकेट्स प्रतिबंधक लस आणि रक्तद्रव यांवर प्रयोग करत होते. पण मोंटाना राज्याकडून पुढच्या कामासाठीचा निधी वेळेत हाती आला नाही. काम थांबले. दरम्यान मेक्सिकोत 'ताबार्दियो' नावाच्या तापाची साथ होती. हा टायफसच. नावात साम्य असले तरी टायफॉइडशी त्याचा संबंध नाही. टायफॉइड दूषित पाणी आणि अन्नातून होतो, टायफस अंगावरच्या उवांमुळे.

ठिपक्यांचा ताप आणि टायफस दिसायला सारखे होते. दोन्हींत तीव्र ताप, दोन्हींत पुरळ. मग हे एकच आहेत की वेगळे? १९०९ च्या अखेरीस रिकेट्स आपले तरुण सहकारी रसेल वाइल्डर यांच्यासह मेक्सिको सिटीत दाखल झाले. त्याच वर्षी ट्यूनिसमध्ये फ्रेंच डॉक्टर चार्ल्स निकोल यांनी टायफस उवांमुळे पसरतो हे माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवले होते. त्यासाठी त्यांना १९२८ मध्ये नोबेल मिळाले.

रिकेट्स आणि वाइल्डर यांनी काही महिन्यांत तीन गोष्टी पुढे आणल्या. मेक्सिकोतला टायफसही अंगावरच्या उवाच पसरवतात. रुग्णांच्या रक्तात आणि बाधित उवांत एक बारीक जिवाणू दिसतो, जो ठिपक्यांच्या तापातल्या जिवाणूची आठवण करून देतो. आणि हे दोन आजार वेगळे आहेत, कारण एका आजारातून बरा झालेला प्राणी दुसऱ्या आजारापासून सुरक्षित नसतो. ही तिसरी गोष्ट विशेष. जंतू वाढवता येत नसतानाही, शरीराने कोणाला ओळखले आणि कोणाला नाही यावरून दोन आजार वेगळे करता येतात, हे त्यांनी वापरून दाखवले. आजच्या रक्तचाचण्यांचा आधारही हाच आहे.

शेवट कसा झाला?

टायफसचा संसर्ग होतो तो मुख्यतः बाधित उवेच्या विष्ठेतून. माणूस खाजवतो आणि ती विष्ठा कातडीवरच्या ओरखड्यातून आत जाते. हे तेव्हा माहीत नव्हते. रुग्णांच्या खाटांजवळ वावरायचे, त्यांच्या अंगावरच्या उवा गोळा करायच्या, त्या प्रयोगशाळेत हाताळायच्या, हे रिकेट्स यांचे रोजचे काम होते. मेक्सिकोत त्याच सुमारास आलेले दुसरे अमेरिकी संशोधक जोसेफ गोल्डबर्गर यांनाही टायफस झाला, ते वाचले. रिकेट्स वाचले नाहीत. ३ मे १९१० रोजी मेक्सिको सिटीत त्यांचा मृत्यू झाला. मागे पत्नी मायरा आणि दोन मुले होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात विकृतिशास्त्राचे प्राध्यापकपद त्यांनी नुकतेच स्वीकारले होते, तिथे रुजू होणे राहून गेले.

मेक्सिकोने त्यांच्यासाठी शोक पाळला आणि जिथे त्यांनी काम केले त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले. मायरा यांनी शिकागो विद्यापीठात पतीच्या नावाने संशोधन पुरस्कार सुरू केला.

जिवाणूला त्यांचे नाव कोणी दिले?

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि खंदक, छावण्या, तुरुंग उवांनी भरले. सर्बिया, पोलंड, रशिया इथे टायफसने लाखो माणसे मारली. जर्मनीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत टायफसवर काम करताना स्टानिस्लाउस फॉन प्रोवाझेक हे संशोधक १९१५ मध्ये त्याच आजाराने गेले. त्यांचे ब्राझिलियन सहकारी हेन्रिक दा रोशा लिमा यांनाही संसर्ग झाला होता, पण ते बरे झाले. १९१६ मध्ये त्यांनी उवांतल्या त्या जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले आणि दोन मृत सहकाऱ्यांची आठवण म्हणून त्याला नाव दिले, 'रिकेट्सिया प्रोवाझेकी'. बिटररूटच्या जिवाणूचे नाव पुढे 'रिकेट्सिया रिकेट्सी' असे रूढ झाले. ज्यांनी नाव देण्याचे टाळले, त्यांचेच आडनाव जिवाणूला दोनदा लागले.

बिटररूट खोऱ्यातले संशोधनही थांबले नाही. तिथे हॅमिल्टन गावात रॉकी माउंटन लॅबोरेटरी उभी राहिली. कुटलेल्या गोचिडींपासून बनवलेली पहिली लस १९२० च्या दशकात तिथल्याच संशोधकांनी तयार केली. २०२० मध्ये करोना विषाणूची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली छायाचित्रे जगभर छापून आली, त्यांतली अनेक याच प्रयोगशाळेतली होती.

निदान नंतर कसे बदलले?

१९१६ मध्येच एडमंड वाइल आणि आर्थर फेलिक्स यांना एक विचित्र गोष्ट आढळली. टायफसच्या रुग्णाच्या रक्तद्रवाने 'प्रोटियस' नावाच्या, टायफसशी संबंध नसलेल्या जिवाणूच्या गुठळ्या होतात. दोन्ही जिवाणूंच्या आवरणातले काही भाग सारखे असल्याने शरीराची प्रतिपिंडे फसतात. त्यातून 'वाइल-फेलिक्स' चाचणी निघाली. स्वस्त, सोपी आणि खऱ्या जिवाणूला हातही न लावता होणारी. भारतातल्या अनेक लहान प्रयोगशाळांत ती आजही केली जाते. पण तिच्यावर पूर्ण विसंबता येत नाही. आजार असूनही ती नकारात्मक येऊ शकते, आणि नसताना सकारात्मक.

१९३८ मध्ये हेराल्ड कॉक्स यांनी कोंबडीच्या अंड्यात, वाढत्या गर्भाच्या बलकपिशवीत रिकेट्सिया वाढवून दाखवले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस क्लोरॅम्फेनिकॉल आणि पाठोपाठ टेट्रासायक्लिन गटाची औषधे आली. ज्या तापात दहांपैकी सात जण जात, तो गोळ्यांनी बरा होऊ लागला. आता एलायझा, फ्लुरोसन्स आणि पीसीआर चाचण्या उपलब्ध आहेत.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

रॉकी माउंटनचा ताप भारतात नाही, पण त्याचे भाऊबंद आहेत. गोचिडीमुळे होणारा 'इंडियन टिक टायफस', उंदरांवरच्या पिसवांमुळे होणारा 'म्युरिन टायफस' आणि चिगर नावाच्या अगदी बारीक किड्याच्या पिलामुळे होणारा स्क्रब टायफस. स्क्रब टायफसचा जिवाणू आता 'ओरिएंशिया' या वेगळ्या वर्गात धरतात, पण आजार त्याच कुटुंबातला आहे. पुणे जिल्ह्यातील गोचीडजन्य रिकेट्सियल आजारांवर १९८० च्या दशकातच शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता. विदर्भात लहान मुलांमध्ये ठिपक्यांच्या तापाच्या नोंदी आहेत.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. सिंधुदुर्ग आणि गोव्यात आढळणारा माकडताप हाही गोचिडीमुळेच पसरतो, पण तो विषाणूजन्य आहे. त्याला प्रतिजैविकांचा उपयोग नाही. रिकेट्सियल आजार जिवाणूजन्य असल्याने त्यांना योग्य प्रतिजैविक लागू पडते. चावणारा किडा एकच असला तरी आजार वेगळा असू शकतो.

मग आजही निदान का चुकते?

कारण पहिल्या आठवड्यात हा ताप डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, लेप्टोस्पायरोसिस यांच्यासारखाच दिसतो. प्लेटलेट कमी होतात म्हणून डेंग्यूचा संशय घेतला जातो. गोऱ्या कातडीवर ठळक दिसणारे पुरळ सावळ्या कातडीवर सहज नजरेतून सुटते. प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे सुरुवातीची रक्तचाचणी नकारात्मक येऊ शकते. आणि तापात सर्रास दिली जाणारी पेनिसिलिन गटातली प्रतिजैविके पेशीच्या आत दडलेल्या या जिवाणूवर चालत नाहीत. या सगळ्यात आठवडा गेला, तर रुग्णाला वाचवणे अवघड होते.

म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, संशय बळकट असेल तर चाचणीच्या अहवालाची वाट न पाहता डॉक्टर डॉक्सिसायक्लिन सुरू करू शकतात. पण संशय येण्यासाठी आधी प्रश्न विचारावे लागतात. रुग्ण शेतात, गवतात, रानात गेला होता का? घरी गुरे किंवा कुत्रा आहे का? काख, जांघ, कमरेचा पट्टा अशा जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली आहे का? ती दुखत नाही, त्यामुळे रुग्णाला ठाऊकही नसते. अंग नीट तपासले तरच ती सापडते.

इथेच रिकेट्स यांचे काम आजच्या दवाखान्याशी जोडले जाते. जंतू हाती लागण्याआधी त्यांनी रुग्ण कुठे राहतो, कोणत्या ऋतूत आजारी पडतो, त्याच्या अंगावर काय चढले होते, हे नोंदवले आणि प्रत्येक शक्यता प्रयोगाने तपासली. आजही या तापाचे निदान अनेकदा यंत्राआधी अशा नोंदीतून होते. रुग्णाच्या बाजूनेही हे शक्य आहे. ताप आल्यावर डॉक्टरांकडे जाताना गेल्या दोन-तीन आठवड्यांत आपण कुठे गेलो होतो, काय चावले होते, हे त्यांनी विचारले नाही तरी आपण सांगावे.